अकरा सह्या, दहा विळे

कापलेल्या भाताचा वास आला की माणसांना काय काय आठवतं. कुणाला माहेर, कुणाला वाफाळता भात आणि त्यावर ओघळणारं तूप. मला नैतिकता समिती आठवते. मलाही काहीतरी काव्यमय आठवायला आवडलं असतं, पण आठवणी काही आपण भाजीसारख्या निवडून घेत नाही. पदरात पडतील त्या घ्यायच्या.

परवा असाच मार्गासनीच्या पुढं टेम्पो उभा केला. मागे मंडपाचे बांबू, कनाती आणि दोन लाऊडस्पीकर. गुंजवण्याकडे एका साखरपुड्याचा मंडप घालायचा होता, उशीरही झाला होता, तरी थांबलो. कार्तिकातली सकाळ. दव अजून पुरतं उडालं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं पायरीपायरीनं खाली उतरलेली. वरची कापून झालेली, मधली अर्धी, खालची इंद्रायणी अजून माना टाकून उभी. कुठूनतरी विळ्यांची कचकच आणि तिच्यात मिसळलेलं बायकांचं हसणं. मी काच खाली केली, छाती भरून वास घेतला आणि मनात म्हणालो, अध्यक्षांच्या परवानगीनं.

ही सवय मला गेल्या सालच्या कापणीत लागली.

माझा धंदा भोरात मंडप आणि लाऊडस्पीकरचा. भोर-वेल्ह्यात जिथं म्हणून चार माणसं बसून पाचव्याचं ऐकतात, तिथं मी बांबू रोवलेला आहे. माइक लावायला जावं आणि तो चालतो की नाही बघायच्या निमित्तानं दहा मिनिटं बोलून घ्यावं, हा माझा जुना आजार. एका कॉलेजच्या गॅदरिंगला असाच माइक तपासत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगितलं तर बैठकीतला चहा बंद होईल. मी बोलत असताना पहिल्या रांगेतल्या एक पांढऱ्या केसांच्या मॅडम हसत होत्या. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "आमच्या समितीला एक सामान्य माणूस हवाय. तुम्ही याल का?"

नियमच तसा आहे म्हणे. माणसांवर काही संशोधन करायचं तर आधी एका समितीनं कागद तपासून परवानगी द्यायची. कुणाला इजा होणार नाही ना, कुणाला फसवून, दबावानं सामील केलेलं नाही ना, हे बघायचं. त्या समितीत डॉक्टर, वकील असतात आणि एक असा माणूस असतो ज्याला यातलं काही कळत नाही. कागद मला कळला तर गावात कुणालाही कळेल, हे माझं शास्त्रीय महत्त्व. मी घरी येऊन नेमणुकीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सुनंदा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "चोवीस वर्षं मी हेच सांगतेय तुम्हाला, सामान्य आहात म्हणून. आता लेखी आलं."

अशा थाटात मी गेल्या कापणीच्या तोंडावर बैठकीला बसलो होतो आणि समोर उभी होती प्रज्ञा.

प्रज्ञा वेल्ह्याकडची. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. तिला कापणीतल्या बायकांच्या मानेचा आणि कमरेचा अभ्यास करायचा होता. दिवसभर वाकून कापायचं, मग ओल्या भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून खळ्यापर्यंत चालायचं, यात शरीराचं काय होतं, हे कापणी चालू असतानाच मोजायचं होतं. अर्ज नेटका होता. गडबड होती त्याला जोडलेल्या कागदांत.

वकीलसाहेबांनी संमतीपत्रं टेबलावर पत्ते पिसल्यासारखी पसरली. "मॅडम, या अजून परवानगी मागताहेत आणि बायकांची संमती घेऊनही आल्यात. साखरपुड्याच्या आधी बारसं. आणि दुसरं म्हणजे, अकरा बायका आणि अक्षर एकच."

मी वाकून पाहिलं. खरंच. अकरा नावं वेगळी, पण प्रत्येक नावापुढच्या 'बाई'ला तीच लांब शेपूट.

"या सह्या कुणी केल्या?" गॅदरिंगमधल्या त्याच मॅडम समितीच्या अध्यक्ष, त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते.

"ठकूआत्यांनी," प्रज्ञा म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या गावीच नव्हतं. "त्यांची सावड आहे ना मॅडम. आत्या सावडीच्या मुख्य. त्या हो म्हणाल्या म्हणजे सगळ्या आल्याच."

डॉक्टर सदस्य माझ्याकडे बघायला लागले. सामान्य ज्ञानाची वेळ आली की माझ्याकडेच बघतात. मी सांगितलं, सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझं खाचर कापायचं, उद्या सगळ्यांनी तुझं. मजुरी नाही, देणंघेणं फक्त अंगमेहनतीचं. सावडीत एकीनं शब्द दिला की तो सगळ्यांचा.

मॅडमनी चष्मा काढला. "प्रज्ञा, यातल्या एखादीला नको असेल तर ती काय करेल?"

"सांगेल ना मॅडम."

"कुणाला?"

प्रज्ञा टेबलावरच्या अकरा शेपट्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. चूक तिनं लबाडीनं केलेली नव्हती. तीही सावडीतच वाढलेली. 'एक म्हणजे सगळ्या' हे तिच्या हाडात होतं, आणि नेमकं तेच इथं चालत नव्हतं.

वकीलसाहेब म्हणाले, अर्ज परत करावा, पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक महिन्यानं. प्रज्ञा हळूच म्हणाली, "सर, महिन्यानं खाचरात नुसती धसकटं असतील. माझं शेवटचं वर्ष आहे. आत्ता नाही जमलं तर हा विषय सोडावा लागेल."

एवढंच म्हणाली. रडली नाही. पण नख बोटात रुतवून उभी होती.

मॅडमनी कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "आठ दिवसांनी पुन्हा बसू. तोवर कुणीतरी तिथं जाऊन बघून या, की तिथं 'नाही' म्हणता येतं का." आणि अख्खी समिती माझ्याकडे बघायला लागली.

तर माझी स्वारी निघाली. टेम्पोत शेजारी प्रज्ञा, मांडीवर तिची फाईल. नसरापूर गेलं, आंबवणं गेलं. मी तिला विचारलं, हाच विषय का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझी आई बोलताना वर बघत नाही काका. लोकांना वाटतं लाजते. तिची मान वळतच नाही." पुढं बरेच किलोमीटर मी गप्प होतो. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी अकरा-बारा घरांची वाडी. आम्ही पोचलो तेव्हा सगळ्या बायका खाचरात. सुपारीएवढा अंबाडा, नऊवारीचा काचा आणि डोक्याला टॉवेल बांधलेल्या बाई सगळ्यांच्या पुढं कापत होत्या, त्या ठकूआत्या. पासष्टीच्या पुढच्या. विळा असा चालत होता की भात आपणहून आडवं होतंय असं वाटावं. मला बघून त्या ताठ झाल्या.

"काय वो मंडपवाले? हितं कुनाचं लगीन काडलं?"

"आत्या, मी समितीकडून आलोय. त्या सह्यांचं विचारायला."

"काय खोट हाय त्येंच्यात? चौथी शिकलेय म्या. अक्षार वळनदार हाय माजं."

"अक्षर झकास आहे. पण अकराच्या अकरा तुमच्याच हातच्या?"

"मंग? एकीनं केली काय आन् समद्यांनी केली काय. सावड हाय आमची." मग विळ्याचं टोक प्रज्ञाकडे वळवून म्हणाल्या, "आन् ही पोरगी आमच्यासंगं दीड दिस वाकली. बांधावर हुबं ऱ्हाऊन इचारलं न्हाई तिनं. तिची सावड हाय आमच्याकडं. ती फेडाया नको?"

मी प्रज्ञाकडे पाहिलं. दीड दिवस कापणी केल्याचं अर्जात कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं मान खाली घातली. आता हे वकीलसाहेबांना कळलं तर ते याला आमिष म्हणणार. बायका होकार देत होत्या तो अभ्यासाला नव्हता, दीड दिवसाच्या घामाला होता.

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या. "येक सांगा मंडपवाले. आयतवारी ते पुन्या-मुंबैचे गडाव जात्यात. जाता जाता आमचं वाकल्यालं फोटू काडत्यात. त्येंची कुठं हाय समिती? ही पोरगी येवडं कागद घेऊन इचाराया आली, तर तुमी तिलाच धरलंय."

मी म्हटलं, "आत्या, एखादीला नको असेल तर?"

"नको कशापाई आसंल? समद्यांची व्हय हाय. काय गं?"

"व्हय," दहा तोंडं म्हणाली. म्हणजे आत्या धरून मला दहाच ऐकू आली. माझा कान तीस वर्षं लाऊडस्पीकरवर तयार झालेला आहे. एक कर्णा बंद असला तर मला कळतं. कडेला पेंढ्या बांधणारी, तिशी-पस्तिशीची शेवंता नावाची बाई होती. तिचे हात पेंढीच्या गाठीवर क्षणभर थांबले आणि पुन्हा चालायला लागले. बस, एवढंच.

मी बांधावर बसून राहिलो. दुपारी भाकरी, खर्डा आणि कांदा मिळाला, तोही न मागता. कापलेल्या भातावर ऊन तापलं की वास बदलतो. सकाळी तो दुधाचा असतो, दुपारी भाजक्या लाह्यांचा. बायका एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करत होत्या. नकला उत्तम होत्या, त्यातल्या दोन मी पुढं वापरल्या.

ऊन कलल्यावर काम थांबलं. दुसऱ्या दिवशी आत्यांचंच खाचर होतं. आत्यांनी बांधावर एक रिकामी पाटी ठेवली आणि जाता जाता एकेक बाई आपला विळा त्या पाटीत टाकायला लागली. मी विचारलं तेव्हा एकीनं समजावलं, की ज्या घरचं उद्या काम, त्या घरी विळे जातात. तिथं घरधनी सगळ्यांना धार लावून ठेवतो. जिचा विळा पाटीत, ती उद्या हजर.

खण, खण, खण. मी आपला मोजत होतो. शेवंता पाटीपाशी आली. थांबली नाही. विळा पदराखाली कमरेला खोचला आणि पायवाटेनं खाली निघून गेली. कुणी मान वर केली नाही. आत्यांनी आपला विळा टाकून दहा विळ्यांची पाटी उचलली, जणू ती दहाचीच होती.

मला राहवलं नाही. "आत्या, ती उद्या का नाही येणार?"

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर मंडपात धोतर सोडलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "इळा घरला न्हेला तिनं. आता ते कुनी इचारतं व्हय?"

"पण कारण काय असेल?"

"आसंल काय बी. कदी नवरा प्याल्याला आसतो, कदी आंग दुकतं, कदी काय बी न्हाई, नुसता जीव न्हाई लागत. इचारायचं न्हाई. आजून धा येळा तिला आमच्यात यायाचं आसतं ना."

मी बांधावर उभा होतो. समितीच्या कागदात एक वाक्य असतं, 'आपण कोणतेही कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकता.' ते मी शंभरदा वाचलं होतं, मान डोलावली होती आणि मनात म्हणालो होतो, गावात हे कुणाला कळणार? आणि इथं ते रोज ऊन कलल्यावर पाटीपाशी घडत होतं.

आत्यांकडून एक विळा मागून घेतला. "परत आना हां," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी बैठकीत मी तो विळा पोत्यातून काढून टेबलावर ठेवला, चहा आणि बिस्किटांच्या मध्ये. वकीलसाहेबांनी खुर्ची जरा मागे घेतली. मी उभा राहिलो. माइक नव्हता, त्याची उणीव भासली नाही. सगळं सांगितलं: दीड दिवसाची सावड, अकरा शेपट्या, पाटी. शेवंताचं नाव मात्र घेतलं नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण तोंडाशी येऊन ते परत गेलं.

वकीलसाहेब म्हणाले, "पण मग पाटीतही सगळ्यांना दिसतंच की, कोण नाही ते."

"दिसतं," मी म्हणालो. "बारा घरांत काय लपतं? पण साहेब, दिसणं आणि विचारणं यात फरक आहे. तो तिथल्या बायकांना कळतो. मला परवापर्यंत कळत नव्हता."

मॅडमनी विळा हातात घेऊन धारेवरून अलगद अंगठा फिरवला. मग अटी सांगितल्या. जुने अकरा कागद रद्द. दीड दिवसाचं देणं आधी फिटायला हवं, म्हणजे भिडेपोटी कुणी हो म्हणणार नाही. मग प्रज्ञानं प्रत्येकीच्या घरी एकटीनं जायचं, समजावून सांगायचं, एक दिवस विचाराला द्यायचा. जी नको म्हणेल किंवा नुसती गप्प बसेल, तिला कारण विचारायचं नाही. "आणि कुणी नाही म्हटलं हे तुम्ही आत्यांनाही सांगायचं नाही," त्या प्रज्ञाला म्हणाल्या. प्रज्ञा एवढ्या जोरात मान हलवत होती की मला तिच्या मानेची काळजी वाटली.

देणं फिटलं ते असं. अकराच्या अकरा बायका एका जीपमधून प्रज्ञाच्या आईच्या खाचरात उतरल्या. दीड दिवस एकीचा असेल, पण आत्यांचं म्हणणं, सावड फेडायची तर समद्यांनी. प्रज्ञाची आई बांधावर पदर दातात धरून उभी होती. मान वळत नसल्यामुळे सगळं अंगच इकडून तिकडे वळवून एकेकीकडे बघत होती. सगळ्यांच्या पुढं त्या दिवशी शेवंताचा विळा होता. आत्याही मागे पडल्या आणि "म्हातारीची लाज काडती काय गं" म्हणून ओरडल्या.

मग प्रज्ञा घरोघर गेली. वाडीची खालची चार खाचरं तेवढी उभी होती. त्या चार खाचरांत तिनं मापं घेतली, भारे तोलले, बायकांच्या मागून चढणीवर पळाली. शेवटची पेंढी बांधली त्या दिवशी तिचं काम संपलं. कागदांवर दहा सह्या होत्या. दोघींचे अंगठे, बाकी अक्षरं वाकडीतिकडी, एकीसारखं एकीचं नाही. इतकी सुंदर अक्षरं मी पाहिली नाहीत.

विळा मी परत नेऊन दिला. आत्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "काय कापलं यानं तिकडं?"

यंदा प्रज्ञा वाडीत आली होती, काय निघालं ते सांगायला. समितीनं तीही अट घातली होती. बायकांना बांधावर बसवून तिनं सांगितलं, भारा लहान बांधा, मानेला बरं. आत्या म्हणाल्या, "बरं. आन् जादा खेपा कोन मारनार, तुजी समिती?" सगळ्या हसल्या. पण भारे थोडे लहान झालेत. मी लांबून बघून सांगू शकतो, बांबूंच्या मोळ्या उचलण्यात आयुष्य गेलंय.

तर परवा तो वास घेऊन टेम्पो पुन्हा सुरू केला, आणि पुढच्या वळणावर शेवंता उभी होती. हातात पिशवी, एसटी चुकलेली. मी दार उघडलं. ती चढून बसली. पिशवी मांडीवर घेतली. कनातींचा वास, बाहेर भाताचा वास, मध्ये आम्ही दोघं आणि खडखडणारा गिअर.

थोड्या वेळानं समोर बघतच ती म्हणाली, "गेल्या साली म्या नगं म्हनले. तुमाला ठावं आसंल."

मी "अं" असा काहीतरी आवाज काढला.

ती थांबली. आता मी कोण आहे ते लक्षात घ्या. तीस वर्षं दुसऱ्याच्या लग्नातल्या भानगडी तिसऱ्याला रंगवून सांगणारा मी माणूस. गोष्टीचं टोक समोर, शेपूट तिच्या पिशवीत. नुसतं "का?" म्हणायचं होतं. एक अक्षर. आणि ती वाट बघत होती, हेही मला कळत होतं. सांगायला वाट बघत होती, की मी विचारतो का ते बघायला, हे मात्र कळत नव्हतं.

गिअर बदलला. "यंदा इंद्रायणी कशी आलीय?" मी विचारलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग पिशवीवरचे हात सैल सोडले. "बरी हाय. खालच्या खाचराला डुकरांनी खाल्ली वाईच," म्हणाली आणि तिथून फाट्यापर्यंत रानडुकरांचं असं काही वर्णन केलं, की माझं सगळं आयुष्य मी उगाच माइकवर घालवलं असं वाटलं. उतरताना म्हणाली, "सांजच्याला वाडीवर या. पाटीत इळा टाकाया."

घरी आल्यावर हे सगळं सुनंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "मग? का नाही म्हणाली होती ती?"

"विचारलं नाही."

तिनं सूप खाली ठेवलं, उठून जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.